छत्री, मिशा आणि तुरा

४ फेब्रुवारी

चि. तुरेराव यांस अनेक आशीर्वाद, आणि आशीर्वादाआधी खरं तर एक तक्रार.

तुझं पत्र पोचलं असं म्हणणं धाडसाचं होईल. पाकीट पोचलं. आत पत्र होतं, पण ते पाकिटाशी इतकं एकरूप झालेलं होतं की द्वैत म्हणून काही शिल्लकच नव्हतं. तू डिंक लावतोस की ओततोस? तुझ्या वहिनीने ते किटलीच्या वाफेवर धरलं, मी पट्टीने खरवडलं, आणि दोघांच्या प्रयत्नांतून पत्राचा बराचसा भाग मुक्त झाला. उरलेला अजून पाकिटाच्या पोटात आहे. इतक्या वर्षांनी माणूस घरी पत्र लिहितो आणि त्यातली चार वाक्यं डिंक खातो, याला काय म्हणावं? या वयात कुठलीही गोष्ट इतकी घट्ट धरून ठेवू नये, असा बोध मी घेतला. तो तुलाही लागू पडतो, पण ते असो.

जेवढं सुटलं तेवढं वाचलं. इथलं संग्रहालय नानांच्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवतंय हे तू वर्तमानपत्रात वाचलंस. परक्या राज्यातले गव्हर्नर, त्यांचे कारभारी आणि त्यांच्याशी भांडणारे आपले पुढारी, असा सगळा दरबार भिंतींवर लागणार. तुझं म्हणणं एकच, की 'ते' चित्र लावू नये. 'ते' या शब्दाखाली तू दोन रेघा मारल्यास. एकीनेही कळलं असतं.

काल ते पुन्हा काढून पाहिलं. गव्हर्नरची बाग, चहाचं टेबल, धो धो पाऊस. छत्रीवाले स्वतः नखशिखांत भिजलेत आणि छत्री धरलीय ती गव्हर्नरच्या मिशांवर. मागून छत्रीवाल्यांचे जोडे हातात घेऊन एक सडपातळ तरुण निघालाय, त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला केसांचा तुरा उभा. खाली नाव कुणाचंच नाही. त्या काळी नाव छापलं की छापखान्याला कुलूप लागायचं, म्हणून नानांनी एकेकाला एकेक खूण वाटून दिलेली. छत्री म्हणजे कोणते पुढारी हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि त्यांचा चिटणीस कोण हेही. चित्र छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत तुझ्या टेबलावर कुणीतरी फाटके जोडे मांडून ठेवले होते. तू नानांना, सख्ख्या वडिलांना, एक शब्द बोलला नाहीस. ट्रंक भरलीस आणि निघालास.

तुझा मुद्दा मी विसरलेलो नाही. छत्रीवाले त्या दिवशी चहाला गेले ते तुरुंगातली आपली माणसं सोडवायला, आणि त्यांनी ती सोडवून आणली. तू शेजारी उभा होतास. चित्रात चहा आला, तुरुंग आला नाही. आता छत्रीवाले गेले, गव्हर्नर गेला, चहा तर केव्हाच निवला. मागे राहिलं ते चित्र, आणि लोक त्यालाच इतिहास म्हणणार. आम्हां संस्कृतवाल्यांकडे ज्ञानाची प्रमाणं मोजकी आहेत: डोळ्यांनी पाहिलेलं, तर्काने काढलेलं, साम्यावरून ओळखलेलं आणि विश्वासू माणसाने सांगितलेलं. थट्टा त्यात कुठेच नाही. पण जन्मभर वर्गात शिकवून मला कळलंय की पोरांच्या लक्षात फक्त थट्टा राहते.

चित्रं लावायला नानांची परवानगी लागते. मी त्यांना विचारतो. उद्घाटन एप्रिलच्या सुरुवातीला आहे. तू आलास तर तुझी खोली तशीच आहे, फक्त तिच्यात माझी पुस्तकं राहतात.

नाना बरे आहेत. आज सकाळी मला "या, संपादकसाहेब" म्हणाले. या घरात मला मिळालेली ही पहिलीच बढती.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

चि. तुरेराव,

पोस्टकार्ड पाठवून तू डिंकाचा प्रश्न मुळासकट उपटलास. मात्र चार ओळींत तीनदा 'निषेध' हा शब्द आलाय. छत्रीवाल्यांकडची चिटणिशीची सवय अजून गेली नाही म्हणायची.

संग्रहालयाच्या बाई हल्ली रोज दुपारी घरी येतात. बाई म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्या. वयाने आपल्या आतेबहिणीएवढ्या, शिस्तीने आपल्या हेडमास्तरांच्या वरताण. चित्रांना हात लावण्याआधी पांढरे सुती मोजे चढवतात, शाईचं पेन खोलीत आणू देत नाहीत, आणि मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यापाशी आलो तर असं बघतात की मीच पिऊन टाकतो. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरलीय, त्यावर चित्रं. एका बाजूला नाना, एका बाजूला बाई.

मी मूळ चित्रं इतक्या जवळून आत्ताच पाहतोय. तुला आठवत असेल, नाना आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने आखायचे आणि मग वरून काळी शाई. छपाईचा ठसा करताना निळं उमटत नाही, म्हणून पुसायचे कष्ट ते घेत नसत. छापलेल्या चित्रात फक्त काळं. मुळात मात्र खालचं सगळं निळं तसंच आहे, आधी हात कुठे होता, मान कुठे वळली होती, सगळं. बाई भिंग लावून बसतात आणि मधूनच "अगं बाई" म्हणतात.

तर सुरुवातीच्या दिवसांतला एक संवाद ऐक.

"नाना, हे कोण?"

"मिशा."

"मिशा म्हणजे कोण?"

"अहो, मिशा म्हणजे मिशा. टोप्या टांगाव्यात अशा. बघताय ना?"

"बघतेय हो. पण मला खाली नाव लिहायचंय. येणाऱ्यांना कसं कळणार?"

नानांनी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि खणखणीत आवाजात एक नाव सांगितलं. बाईंनी ते पेन्सिलीने टिपून घेतलं. तसंच पुढच्याचं, आणि त्याच्याही पुढच्याचं. आठवड्याने नावांच्या पट्ट्या छापून आल्या. बरं झालं, मी सहज नजर टाकली. सगळ्या मुलुखाला ज्याने थरथर कापायला लावलं त्या गव्हर्नरच्या खाली आपल्या कोपऱ्यावरच्या शिंप्याचं नाव! तोच, ज्याने तुझ्या शाळेच्या चड्डीचा एक पाय कायम लांब ठेवला. दुसऱ्या एका गोऱ्या कारभाऱ्याच्या जागी आपले दातांचे डॉक्टर लागले होते. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नानांचा शब्द प्रमाण मानला होता, आणि कुणीही मानला असता.

मी त्यांना समजावलं की यात तार्किक घोटाळा काहीच नाही. शिंप्यालाही तशाच मिशा होत्या. खूण एक आणि बसणारी माणसं दोन, याला आमच्या शास्त्रात अतिव्याप्ती म्हणतात, फार जुना दोष आहे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्ट्या परत पाठवल्या, आणि आता नावं मी जुन्या अंकांवरून ताडून देतो. वय झालं की नावं थोडी इकडची तिकडे होतात. माझीही होतात. तू काळजी करू नकोस.

खुणा मात्र एकूण एक पक्क्या. नाना सभेला कागद नेत नसत ना? मागच्या बाकावर बसायचे, घरी येऊन डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांना जे एकच दिसेल ती त्या माणसाची खूण. बाईंनी विचारलं, "घरातल्यांना नाही का काढलंत कधी?"

"काढलं की. हिच्या किल्ल्या काढल्या." आईबद्दल अजूनही ते 'हिच्या' असंच म्हणतात. "धाकट्याचा तुरा काढला. सून आली, तिचा चष्मा काढला."

"आणि यांना?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

नानांनी मला नीट न्याहाळलं. म्हणाले, "ह्याला खूण नाही हो. शोधली मी. डोळे मिटले की हा दिसतच नाही."

सगळे हसले. मीही हसलो. तुझी वहिनी म्हणाली, "तरी मी लग्नात सांगत होते, माझं कुणाशी लावताय ते नीट दाखवा."

आता तुझं काम. मी नानांना विचारलं, "ते पावसातलं चित्र लावायचं का? छत्री गव्हर्नरवर धरलेली आहे ते." म्हणाले, "लावा. पाऊस चांगला जमलाय." तेव्हा न लावण्याचा प्रश्न मिटला आहे, आणि तो मीही लढवणार नाही. चित्र लपवून छत्रीवाले धुवून निघतील असं मला वाटत नाही. माझी सूचना अशी. त्या दिवशी बागेत काय झालं ते तू लिही, तुझ्या नावाने. चित्राखाली लावू, पट्ट्यांच्याच अक्षरांत. बाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, "लिहून द्यावं, पण 'निषेध' न लिहिता."

दादा


११ मार्च

चि. तुरेराव,

तुझा मजकूर मिळाला. छान लिहिलंयस, एवढं मी पहिल्यांदाच कबूल करतो म्हणजे पुढचं ऐकताना तुझा रक्तदाब ठीक राहील. छत्रीवाल्यांना दिलेली विशेषणं मी निम्मी केली. 'प्रातःस्मरणीय' हे काढलं, कारण बाई म्हणाल्या की संग्रहालय अकराला उघडतं. पण गव्हर्नरच्या बागेत खुर्च्या दोनच होत्या, त्याची आणि त्याच्या कारभाऱ्याची, आणि छत्रीवाल्यांना उभं ठेवून बोलणी झाली, हे तू लिहिलंस ते तसंच ठेवलंय. तुरुंगातल्या माणसांची यादी त्यांनी गव्हर्नरच्या हातात दिली तेही. छत्री त्यांनी खरंच गव्हर्नरवर धरली होती, कारण यादी त्याच्या हातात होती आणि ती भिजली असती. हे मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस, आणि तुला विचारलं कुणी?

बाईंनी त्या आठवड्याचे अंक काढून पाहिले. माणसं सुटल्याची बातमी आहे. नानांच्याच वर्तमानपत्रात आहे, आतल्या पानावर, बुटाच्या पॉलिशच्या जाहिरातीखाली, बोटभर. माझा तुझ्यावर विश्वास होताच. बाईंनी तो ठेवायचा नसतो, त्याचाच त्यांना पगार मिळतो.

नाना बरे आहेत. हल्ली माणसांना खुणेनेच हाक मारतात. तुझ्या वहिनीला 'चष्मा' म्हणतात, आणि तीही 'ओ' देते. दूधवाल्याला 'घंटी'. मला 'अहो' म्हणतात.

येण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मजकुराच्या मागच्या बाजूलाही पाहिलं.

एक फालतू प्रश्न: तुझे केस अजून आहेत का? लगेच कळव.

दादा


५ एप्रिल

प्रिय भाऊ,

प्रदर्शन उघडलं. दारातून कुणी बॅग घेऊन शिरलं की तुझी वहिनी मान उंच करायची. त्या सगळ्या माणसांच्या बॅगा दारावरच्या शिपायाने काढून ठेवायला लावल्या, आणि त्यांत तू नव्हतास. येण्याबद्दल तू आत्ताही काही लिहिलं नाहीस. केसांबद्दल लिहिलंस ते मिळालं. माथ्यावर विमान उतरवता येईल इतकी मोकळी जागा झाली आहे, ही बातमी मी घरात आनंदाने सांगू शकलो नाही. का, ते पुढे येईल.

दोन मोठ्या खोल्या भरल्या आहेत. एकीत सगळे साहेबलोक, दुसरीत आपले. पण गंमत अशी की चित्रात ते एकमेकांना सोडतच नाहीत, त्यामुळे बाईंची विभागणी दुपारपर्यंत कोलमडली. पावसाचं चित्र मधल्या भिंतीवर आहे. लोक लांबूनच हसत येतात. जवळ येऊन तुझा मजकूर वाचायला लागतात आणि मग हसणं जरा वेळ कुठे ठेवावं हे त्यांना कळत नाही. एक गृहस्थ वाचून पुढे गेले, परत आले, पुन्हा वाचलं आणि बायकोला म्हणाले, "आपल्या घरी यांचं नाव निघालं की सगळे छत्री उघडून दाखवायचे गं." ती म्हणाली, "तुम्हीच दाखवायचात." तेवढा न्याय छत्रीवाल्यांना मिळाला. फार नाही, पण भिंतीवर आहे.

नानांना मी हाताला धरून नेलं होतं. प्रत्येक चित्रापुढे ते थांबत, मान हलवत, पुढे सरकत. चांगल्या घरी पाहुणे आल्यासारखे. पावसाच्या चित्रापुढे मात्र काचेला नाक टेकेपर्यंत वाकले.

"कुणाचं काम हो?"

"तुमचंच, नाना."

"छे! मी इतका आळशी नाही. ही छत्री बघा, एका फटक्यात ओढलीय. मिशा तर पाठ करून काढल्यात. घाई होती याला. कुणीतरी दारात उभं असणार, 'आटपा, आटपा' करत."

"आणि हा मागचा?"

माझा हात सोडून नानांनी बोट काचेवर ठेवलं. बाई पुढे झाल्या होत्या, त्या थांबल्या.

"हा पोरगा वेगळा आहे," नाना म्हणाले. "तुऱ्याखालचं निळं बघा, किती वेळा काढलाय. जमतच नव्हता. एका जागी बसत नसणार पोरगा. याला कुणीतरी रोज बघत होतं हो, जेवताना, झोपताना. परका माणूस असा काढता येत नाही."

मी विचारलं, "आणि जोडे?"

"जोड्यांखाली निळं कुठंय? नंतर दिलेत. आधी हात मोकळे होते. मोकळे हात काढायला फार अवघड, म्हणून वेळ नसला की द्यायचं काहीतरी धरायला." मग जरा मागे होऊन डोळे बारीक करून म्हणाले, "नको होते द्यायला. जड झालेत त्याला."

हे ते चित्राबद्दल बोलले. मी शब्द न बदलता कळवतो आहे. मी जन्मभर लोकांच्या वाक्यांचे अर्थ लावून दिले, याचा लावणार नाही. तुला हवा तो लाव, किंवा लावू नकोस.

निघताना मला विचारलं, "कोण आहे तो?"

"तुमचा धाकटा."

"असं? मग बोलवा की त्याला. तुरा बघून ओळखीन मी."

तर केसांचा प्रश्न फालतू नव्हता. वहिनीचं म्हणणं, टोपीत मागून पिसांचा झुपका खोचून ये. मला वाटतं त्याची गरज पडणार नाही. तू घरात शिरलास की पूर्वीसारखाच एका जागी बसणार नाहीस, तेवढ्यावर ते ओळखतील. पण हे आत्ताचं सांगतो. पावसाळ्यापर्यंतचं मी सांगू शकत नाही. शिंप्याची गोष्ट मी तुला विनोद म्हणून लिहिली, संपादकाची बढतीही. तो विनोद नव्हता हे तुला एव्हाना कळलंच असेल. डॉक्टर म्हणतात, हे आता उलटं फिरायचं नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

काल दुपारी नाना तुझ्या वहिनीला विचारत होते, मी दाराआड होतो. "चष्मा, हे गृहस्थ रोज माझ्याजवळ बसतात, माझी औषधं देतात. भले आहेत. कोण आहेत?" तिने सांगितलं. ते "हो का, हो का" म्हणाले आणि मी आत गेलो तेव्हा उठून त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

तुझी खूण त्यांच्याकडे आहे, कागदावर, किती वेळा गिरवलेली. आईची आहे, वहिनीची आहे, त्या गव्हर्नरची आहे. माझी त्यांना कधी सापडलीच नाही. मी इथेच होतो, म्हणून शोधायची घाई नसेल. आता ते डोळे मिटून बसतात तेव्हा मी समोरच असतो, आणि आत कुठेही नसतो. मला याची फार भीती वाटते, भाऊ. दिवसा वाटते, त्यांच्यापुढे बसलेला असताना वाटते.

तू ये. तुला ते ओळखतील. मग माझा हात त्यांच्या हातात दे आणि सांग, हा माझा दादा आहे म्हणून.

दादा